गेलेलं साम्राज्य परत येतं का? बडोद्याच्या ओसरीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या ओसरीवर रविवारी सकाळी सात-आठ जण जमतात आणि इतिहासावर बोलतात. स्पर्धा परीक्षेची मुलं येतात, बँकेतून निवृत्त झालेले शेजारी येतात, लेकरं लेस्टरला किंवा लंडनला असलेल्या दोघी-तिघी येतात. मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून प्रश्न माझ्याकडे वळतात. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ विमान कारखान्याच्या उद्घाटनाला बडोद्यात आले, लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये आपल्या पंतप्रधानांबरोबर बसले, आणि पुढच्या रविवारी कुणीतरी म्हणालं, "हेच ना ते, ज्यांचं अर्ध्या अमेरिकेवर राज्य होतं? आता परत मोठे व्हायला निघालेत का?" तेव्हापासून हा विषय संपलेला नाही. तेच प्रश्न वेगवेगळ्या माणसांकडून पुन्हा पुन्हा आले, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

'प्रभाव' म्हणजे नेमकं काय धरायचं?

आपल्या भाषेत यासाठी तीन नेमके शब्द आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले की चर्चा भरकटते. दरारा म्हणजे समोरचा भीतीपोटी ऐकतो. वजन म्हणजे तुमच्याकडे माणसं, माल, पैसा, सैन्य इतकं आहे की तुम्हाला वगळून कुणाचा हिशेब जुळत नाही. पत म्हणजे तुमच्या शब्दावर समोरचा आपण होऊन व्यवहार करतो. साम्राज्य भरात असताना तिन्ही एकाच घरात नांदतात आणि वेगळी ओळखूही येत नाहीत. साम्राज्य गेल्यावर मात्र तिघांच्या वाटा फुटतात. माझं मत आधीच सांगून टाकते: दरारा परत येत नाही, वजन फक्त अशाच देशाला परत मिळतं ज्याचं स्वतःचं अंग मोठं आहे, पत कुणालाही मिळवता येते, पण ती देणाऱ्याच्या मर्जीने आणि फार सावकाश.

इंग्लंड पुन्हा महासत्ता होईल का?

नाही. पहिल्या महायुद्धानंतर जगाची सुमारे एक चतुर्थांश जमीन आणि जवळपास तेवढीच माणसं ब्रिटिश झेंड्याखाली होती. आज त्या देशाची लोकसंख्या सात कोटींच्या आत आहे आणि खड्या सैन्यात पाऊण लाखही सैनिक नाहीत. अण्वस्त्रं आहेत, दोन मोठ्या विमानवाहू नौका आहेत, सुरक्षा परिषदेत कायमची जागा आहे. त्यामुळे इंग्लंड किरकोळ देश झाला असं कुणी म्हणत असेल तर तेही चूकच. पहिल्या दहा देशांत बसणारा, बऱ्यापैकी श्रीमंत, जगाशी जुने धागे असलेला देश, एवढंच त्याचं आजचं खरं माप.

मग एवढासा देश एवढा मोठा झालाच कसा?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याचं उत्तर शोधून काढणारी दोन मोठी माणसं बडोद्याच्या दिवाणपदावर बसून गेली आहेत. दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये मल्हारराव गायकवाडांचे दिवाण होते. त्याआधी १८६७ मध्येच त्यांनी लंडनमध्ये उभं राहून सांगितलं होतं की हिंदुस्थानची संपत्ती दर वर्षी इंग्लंडकडे वाहून जाते आणि तिच्या बदल्यात काही परत येत नाही. रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये सयाजीराव महाराजांकडे महसूल मंत्री म्हणून आले, १९०९ मध्ये दिवाण झाले आणि त्याच वर्षी बडोद्यातच वारले. शेतसारा, व्यापार आणि करांचे आकडे मांडून त्यांनी तीच गोष्ट इतिहास म्हणून लिहिली. संपत्तीच्या या वाहण्याचा सिद्धांत शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येतो. तो मांडणारे दोघेही आपल्या गावात कचेरी करत होते, हे मुलांना कुणी सांगत नाही.

त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा. साम्राज्य चालवायचा खर्च इंग्लंड स्वतःच्या खिशातून करत नव्हतं. निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शन, कर्जाचं व्याज, लंडनमधल्या इंडिया ऑफिसचा खर्च, हे सगळं 'होम चार्जेस' या नावाखाली हिंदुस्थानच्या तिजोरीतून जायचं. हिंदुस्थानच्या करावर पोसलेली फौज चीनमध्ये लढली, इथिओपियात लढली, इराकमध्ये लढली. पहिल्या महायुद्धात इथून १३ लाखांच्या आसपास माणसं गेली, दुसऱ्यात फौज २५ लाखांवर पोचली. लंडनचा जगभर जो दरारा होता त्याच्या मागे आपल्याकडचा शेतसारा होता आणि आपल्याकडची पोरं होती.

म्हणून १९४७ ला इंग्लंडच्या हातून एक देश गेला इतकंच म्हणणं अपुरं आहे. ज्याच्या जोरावर इतर देश धरून ठेवले होते ते मनगटच गेलं. आणि तोवर हिशेबही उलटला होता. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इंग्लंड हिंदुस्थानला सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होतं. १९४६ मध्ये त्याने अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज काढलं. त्याचा शेवटचा हप्ता २००६ च्या अखेरीस फिटला. साठ वर्षं! निवृत्त बँकवाल्या काकांनी हे ऐकल्यावर बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "जिंकलेल्याचं पासबुक असं असतं तर."

सुएझच्या प्रकरणाला एवढं महत्त्व का?

कारण दरारा गेल्याचं त्या दिवशी सगळ्या जगाला दिसलं. जरा मागून सुरुवात करते. १८७५ हे वर्ष बडोदेकरांच्या ओळखीचं. दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीला, म्हणजे रेसिडेंट कर्नल फेअरला, सरबतातून विष घातल्याचा आरोप मल्हाररावांवर ठेवला गेला. चौकशी आयोगाच्या सहा जणांत तीन इंग्रज म्हणाले दोषी, तीन हिंदी सदस्य म्हणाले आरोप सिद्ध झालेला नाही. तरीही 'गैरकारभारा'चं कारण दाखवून महाराजांना गादीवरून उतरवलं, आणि मे महिन्यात कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना सयाजीराव म्हणून बसवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनमध्ये पंतप्रधान डिझरायलीने इजिप्तच्या खेदिवाकडून, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याकडून, सुएझ कालव्याचे शेअर ४० लाख पौंडांना विकत घेतले. एका राज्याचा राजा बदलायचा, दुसऱ्याचा कालवा घ्यायचा, आणि विचारणारं कुणी नाही. दरारा म्हणतात तो हा.

आता ८१ वर्षं पुढे या. २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तच्या राष्ट्राध्यक्ष नासरने कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. इंग्लंड आणि फ्रान्सने इस्राएलशी आतून संगनमत केलं. इस्राएलने ऑक्टोबरच्या अखेरीस हल्ला करायचा आणि मग या दोघांनी 'भांडण सोडवायला' म्हणून उतरायचं, असं ठरलं. लष्करी बाजूने मोहीम फसत नव्हती. फसला तो पौंड. बाजारात पौंडाची विक्री सुरू झाली, गंगाजळी आटू लागली, आणि अमेरिकेने सांगितलं की लढाई थांबवल्याशिवाय आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मदत मिळू देणार नाही. ६ नोव्हेंबरला शस्त्रसंधी झाली. जानेवारीत पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला.

मुलांना मी नेहमी सांगते, या प्रकरणात एक बारकावा बघा: इंग्लंडचा पराभव शत्रूने केला नाही, सावकाराने केला. कर्जात असलेल्या माणसाने गावात दंडेली करायला जावं आणि सावकाराने फक्त वही उघडून दाखवावी, तसं झालं. पुढचं सगळं त्याच उतारावरचं आहे. १९६७ ला पौंडाची किंमत २.८० डॉलरवरून २.४० वर आणावी लागली, आणि १९६८ च्या जानेवारीत विल्सन सरकारने सुएझच्या पूर्वेकडचे तळ आवरते घेत असल्याचं जाहीर केलं.

पण १९८२ मध्ये फॉकलंड जिंकलं ना?

जिंकलं, आणि आठ हजार मैलांवर जाऊन अर्जेंटिनाकडून जिंकलं. ती बेटांवरच्या आपल्या रहिवाशांसाठी लढलेली लढाई होती. पंधरा वर्षांनी, १ जुलै १९९७ रोजी, हाँगकाँग शांतपणे चीनच्या हाती दिलं. तिथे लढायचा विचारही कुणी केला नाही. समोर कोण उभा आहे, यावर सगळं ठरतं.

ब्रेक्झिट हा जुना प्रभाव परत मिळवण्याचाच प्रयत्न होता का?

सगळ्यांच्या मनात तेच नव्हतं. कुणाला स्थलांतर नको होतं, कुणाला युरोपीय संघाचे ब्रसेल्सहून येणारे नियम. पण 'ग्लोबल ब्रिटन' ही घोषणा ज्यांनी दिली त्यांच्या डोळ्यांसमोर मोकळ्या समुद्रावरचं जुनं इंग्लंड होतं, असं मला वाटतं. २३ जून २०१६ च्या मतदानात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायचं ठरवलं आणि ३१ जानेवारी २०२० ला देश बाहेर पडला. त्यानंतर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडशी करार झाले, डिसेंबर २०२४ मध्ये पॅसिफिकच्या व्यापारगटात प्रवेश मिळाला, जुलै २०२५ मध्ये भारताशी करारावर सह्या झाल्या. दुसऱ्या बाजूला ब्रिटनच्याच अर्थसंकल्पावर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा अंदाज आहे की युरोपीय संघातून बाहेर पडल्याने देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील.

मला यातली खरी चूक हिशेबाची वाटते. युरोपीय संघात इंग्लंडचं वजन स्वतःपेक्षा मोठं होतं, कारण सुमारे ५१ कोटी लोकांच्या बाजारपेठेचे नियम ठरवताना तो टेबलाशी बसलेला असायचा. तेही सहज मिळालेलं नव्हतं. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्ष द गॉलने १९६३ आणि १९६७, दोनदा दार लावून घेतलं होतं आणि १९७३ ला कुठे प्रवेश मिळाला. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन १९६२ मध्ये म्हणाले होते की ब्रिटनने साम्राज्य गमावलं आहे आणि त्याला अजून नवी भूमिका सापडलेली नाही. ११ वर्षांनी एक भूमिका सापडली होती. ती ४७ वर्षं निभावून सोडून दिली.

राष्ट्रकुलाचा काही उपयोग?

५६ देश आहेत, खेळ होतात, शिष्यवृत्त्या मिळतात. मोझांबिक आणि रवांडा तर कधी ब्रिटिश वसाहती नव्हत्या, तरी सभासद झाले. २०२२ मध्ये गॅबॉन आणि टोगोही आले. पण तिथे लंडनचा हुकूम चालत नाही. गप्पांची जागा म्हणून चांगली आहे.

मग लंडनचं महत्त्व अजून का टिकून आहे?

इथे पत हा मुद्दा येतो, आणि इंग्लंडची खरी कमाई इथेच आहे. जगात परकीय चलनाची जेवढी उलाढाल होते तिचा सुमारे ३८ टक्के हिस्सा लंडनमधून जातो. न्यूयॉर्क त्याच्या निम्म्यावर आहे. दोन परक्या देशांतल्या कंपन्या आपला करार इंग्लिश कायद्याखाली करतात, तंटा झाला तर लवाद लंडनला बसतो. लॉइड्सचा जहाजविम्याचा धंदा सतराव्या शतकात एडवर्ड लॉइडच्या कॉफीघरात सुरू झाला आणि आजही ते नाव चालतं.

याची ताकद किती, ते आपल्या कोयलीच्या रिफायनरीच्या धंद्यातून समजतं. डिसेंबर २०२२ मध्ये जी-सात या श्रीमंत देशांच्या गटाने रशियन तेलाला पिंपामागे ६० डॉलरची मर्यादा घातली. समुद्रात जहाजं अडवायला आरमार पाठवलं नाही. एवढंच सांगितलं की त्यापेक्षा महाग तेल नेणाऱ्या जहाजाला आमचा विमा आणि आमच्या जहाजसेवा मिळणार नाहीत. रशियाने जुनी जहाजं गोळा करून पळवाटा काढल्याच. तरी विम्याचा कागद हे हत्यार होऊ शकतं, हे दिसलं. यातला धोकाही समजून घ्या: पत जितक्या वेळा हत्यार म्हणून वापराल तितके लोक दुसरा विमावाला शोधायला लागतात.

फ्रान्सने तर आफ्रिकेत आपला प्रभाव राखला होता ना?

राखला होता, आणि म्हणूनच त्याचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. १९५४ ला व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूत हार, १९६२ ला अल्जीरिया गेला; पण पश्चिम आफ्रिकेत फ्रान्सने दार पूर्ण लोटलं नाही. १९४५ मध्ये सुरू केलेलं सीएफए फ्रँक हे चलन आधी फ्रँकला आणि नंतर युरोला बांधलेलं राहिलं, लष्करी तळ राहिले, राष्ट्राध्यक्षांशी घरगुती संबंध राहिले. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, यांनी साम्राज्य न ठेवता साम्राज्य टिकवलं. मग तीन वर्षांत ते उसवलं. २०२२ मध्ये फ्रेंच सैन्य मालीतून निघालं, २०२३ मध्ये बुर्किना फासो आणि नायजरमधून, २०२५ मध्ये चाड आणि सेनेगलमधून. नायजरच्या रस्त्यावर फ्रान्सविरोधी घोषणा देणारी पोरं वसाहतकाळानंतर जन्मलेली होती. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पुरेसं होतं. भारताशी मात्र फ्रान्सचं छान चाललं आहे, राफेल विमानं आपण त्यांच्याकडूनच घेतली. इथे त्याला मालकीची आठवण काढायचीच नसते, विकणारा आणि घेणारा एवढंच नातं.

रशिया परत महासत्ता होतो आहे का?

ओसरीवर यावरून आवाज चढतात. आपल्या पिढीला सोव्हिएत संघाबद्दल ममत्व आहे, आणि त्याला कारणंही आहेत. तरी नकाशा समोर ठेवून बघूया. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनमध्ये फौजा घातल्या, त्यामागे नाटो आपल्या सीमेजवळ येऊ नये हे एक मोठं कारण सांगितलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड नाटोत गेला आणि एका दिवसात रशियाची नाटोशी असलेली सरहद्द १,३०० किलोमीटरहून जास्त वाढली. मार्च २०२४ मध्ये स्वीडन गेला, जो दोनशे वर्षं कुठल्या लष्करी गटात नव्हता. आर्मेनिया रशियाच्या सुरक्षा करारातून अंग काढून घ्यायला लागला. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियात असदची राजवट कोसळली, तेव्हा मॉस्को काही करू शकलं नाही.

वजन आहेच. तेल आहे, वायू आहे, अण्वस्त्रं आहेत, आणि युद्धाच्या आधी भारताच्या तेल आयातीत नगण्य असलेला रशियाचा हिस्सा नंतर एक तृतीयांशाच्या आसपास गेला. पण जुन्या घरातली भावंडंच ज्याला बघून दाराला कडी लावतात, त्याचं साम्राज्य परत आलं असं मी म्हणणार नाही. आणि या उत्तरात युक्रेनच्या गावांत मेलेल्या माणसांचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. साम्राज्य परत आणायच्या प्रत्येक प्रयत्नाची किंमत अशा लोकांनी मोजली आहे ज्यांना कुणी विचारलं नव्हतं.

चीन तर परत आला! मग तुमचं म्हणणं खोटं ठरत नाही का?

स्पर्धा परीक्षेच्या एका मुलीने हा प्रश्न विचारला तेव्हा मी एक आठवडा मागून घेतला, कारण सगळ्यांत भक्कम आक्षेप हाच आहे. अफूच्या युद्धांत हरलेला, बंदरं गमावलेला चिंग चीन, आणि २०१० मध्ये जपानला मागे टाकून जगातली दुसरी अर्थव्यवस्था झालेला चीन. परत येणं म्हणतात ते हेच.

फरक अंगाचा आहे. चिंग घराणं गेलं, पण त्याने जोडलेला बहुतेक मुलूख चीनच्याच हातात राहिला, तिबेट आणि शिनजियांगसुद्धा. माणसं १४० कोटी. १९७८ नंतर जेव्हा शेती आणि कारखाने मोकळे केले तेव्हा ते वजन आपोआप काट्यावर आलं. इंग्लंड, पोर्तुगाल, हॉलंड यांचं वजन समुद्रापलीकडे होतं. दोर तुटल्यावर हातात उरला तो मूळचा लहान देश. म्हणून माझं म्हणणं मी थोडं दुरुस्त केलं, आणि वर पहिल्या उत्तरात 'ज्याचं स्वतःचं अंग मोठं आहे' हे शब्द त्या मुलीमुळे आले आहेत. शेजाऱ्यांच्या मनात चीनची पत किती, ते मात्र व्हिएतनाम किंवा फिलिपिन्सला विचारावं. गलवाननंतर आपल्यालाही विचारता येईल.

जपान आणि स्पेन यांनी कोणता मार्ग धरला?

याचं उत्तर द्यायला बडोद्यासारखी जागा नाही. रेल्वे स्टेशनकडे गेलात की बुलेट ट्रेनचं काम दिसतं. सप्टेंबर २०१७ मध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे अहमदाबादला आले आणि १४ तारखेला मुंबई-अहमदाबाद मार्गाची पायाभरणी झाली. ५०८ किलोमीटर, १२ स्टेशनं, त्यातलं एक आपलं. जपानने ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने कर्ज देऊ केलं आणि शिंकानसेनचं तंत्र दिलं. ज्या जपानची फौज १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमापर्यंत येऊन ठेपली होती, त्याच जपानचे इंजिनिअर आज आपल्या माणसांना रूळ टाकायला शिकवतात. १९४५ मध्ये राखरांगोळी झालेला हा देश १९६८ पर्यंत जगातली दुसरी मोठी अर्थव्यवस्था झाला होता, आणि तो एकही बेट न जिंकता. चीन आणि कोरियात जुन्या जखमा अजून ओल्या आहेत, तिथे जपानची पत तडकलेली आहे. बडोद्यात ती पूर्ण शाबूत आहे.

स्पेनचं साम्राज्य तर १८९८ मध्ये क्युबा आणि फिलिपिन्स गेल्यावर जवळपास संपलंच. पुढे यादवी झाली, फ्रँकोची हुकूमशाही आली. १९८६ मध्ये तो युरोपीय समुदायात गेला आणि सावरला. सी-२९५ हे लष्करी वाहतुकीचं विमान एअरबसच्या सेविलच्या कारखान्यात तयार होतं. भारताने घेतलेल्या ५६ विमानांपैकी १६ तिथून यायची आणि ४० टाटांनी बडोद्यात बांधायची, असा करार आहे. सेविल हे नाव लक्षात ठेवा. अमेरिकेतून लुटून आणलेली चांदी सोळाव्या शतकात याच बंदरात उतरायची. आज तिथून आपल्याकडे विमानाचे आराखडे येतात आणि बडोद्याच्या पोरांना काम मिळतं. पहिल्या रविवारच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच होतं: हे परत मोठे व्हायला निघालेत का माहीत नाही, पण या वाटेने आले तर स्वागत आहे.

पोर्तुगाल, तुर्कस्तान?

पोर्तुगालने १९६१ मध्ये गोवा सोडताना आकांडतांडव केलं आणि आफ्रिकेतल्या वसाहती १९७४ च्या क्रांतीपर्यंत रक्त सांडून धरून ठेवल्या. पुढे अवघ्या एक कोटीच्या त्या देशाचे अंतोनियो गुतेरेस २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले, आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष झालेले अंतोनियो कोस्ता यांचं घराणं मूळ गोव्याचं. तलवारीने जे टिकलं नाही त्याच्या जागी ही माणसं आली.

तुर्कस्तान ड्रोन विकतो, मालिका विकतो, आणि २०२२ मध्ये रशिया-युक्रेनमधला धान्याचा करार इस्तंबूलमध्ये घडवून आणला. करार वर्षभरच टिकला, तरी मध्यस्थी करायला दोघांनीही त्याला बोलावलं, हे मोठंच.

सुरक्षा परिषदेतली जागा इंग्लंड-फ्रान्सकडे अजून का?

१९४५ चा फोटो भिंतीवरून काढलेला नाही, म्हणून. पण दोघांनीही १९८९ नंतर नकाराधिकार वापरलेला नाही. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या एका जागेसाठी भारताचे दलवीर भंडारी आणि ब्रिटनचे ख्रिस्तोफर ग्रीनवुड यांच्यात चुरस झाली, तेव्हा महासभेतले देश भारताच्या मागे उभे राहिले आणि शेवटी ब्रिटनने माघार घेतली. १९४६ पासून पहिल्यांदाच त्या न्यायालयात ब्रिटिश न्यायाधीश उरला नाही. दोन वर्षांनी, मॉरिशस आपली म्हणतं त्या हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरून महासभेत मतदान झालं, तर ११६ देश ब्रिटनच्या विरोधात आणि ६ बाजूने.

आपल्या मराठा साम्राज्याचं काय? गायकवाडांना प्रभाव परत मिळवता आला का?

मला वाटतं, मिळवता आला, पण पहिल्यासारखा नाही. पिलाजी आणि दमाजींनी गुजरात तलवारीने घेतला. १८०२ पासून तैनाती फौजेच्या करारांनी तो दरारा इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८७५ ला तर राजा कोण हेही रेसिडेंटकडून ठरलं. सयाजीराव महाराजांना २१ तोफांची सलामी होती. सलामी द्यायला तोफा होत्या, लढायला नव्हत्या. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे नीट न वाकता पाठ फिरवली म्हणून लंडनच्या वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि महाराजांना माफीचं पत्र लिहावं लागलं. दराऱ्याच्या खेळात ते हरणारच होते.

त्यांनी ज्या खेळात जिंकलं तो बघा. १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली. १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयं उघडली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. १९४९ च्या १ मे रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पुढे १९५७ मध्ये, सुएझच्या दुसऱ्याच वर्षी, बडोद्याच्या बँकेने लंडनमध्ये शाखा काढली. आणि त्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाने घडवलेल्या संविधानाखाली आपण सगळे राहतो. कुठल्या गायकवाडाने तलवारीने एवढा मुलूख मिळवला होता?

इथे एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला परत आले तेव्हा या गावात त्यांना राहायला कुणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढलं गेलं. महाराजांनी दिलेलं सगळं आमच्या समाजाने त्या दिवशी धुळीला मिळवलं. राज्याची पत एकट्या राजाने उभी राहत नाही, हे बडोदेकरांनी विसरू नये.

मुलीला शिकायला इंग्लंडला पाठवावं का? तो देश उतरणीला लागलाय म्हणतात.

महासत्ता नसलेल्या देशातही विद्यापीठं उत्तम असतात. विषय आणि विद्यापीठ चांगलं असेल तर पाठवा. देश कितवा मोठा हे बघू नका, व्हिसाचे नियम बघा. शिक्षणानंतर दोन वर्षं राहून काम शोधायची सवलत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी १८ महिन्यांची होते आहे. २०२४ पासून बहुतेक मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना नवरा-बायको, मुलं सोबत नेता येत नाहीत. कुशल कामगारांच्या व्हिसासाठी लागणारा किमान पगार जुलै २०२५ पासून सर्वसाधारणपणे ४१,७०० पौंड आहे, काही सवलती सोडून. घर गहाण ठेवून पाठवणार असाल तर हे तीन नियम कागदावर लिहून एजंटसमोर ठेवा आणि उत्तर लेखी मागा. इंग्लंडकडे आज जी पत शिल्लक आहे तिचा मोठा भाग या वर्गखोल्यांत आहे. एकीकडे जगाकडून मान हवा आणि दुसरीकडे शिकायला आलेल्या पोरांना दारात ताटकळत ठेवायचं, हे त्यांचं त्यांनाच महाग पडेल असं माझं प्रामाणिक मत आहे.

हे सगळं बडोद्यात बघायचं तर कुठे जावं?

मांडवीला सेंट्रल लायब्ररी आहे, आणि बँक ऑफ बडोद्याची जुनी कचेरीही मांडवीलाच. कमाटीबागेत म्युझियम आहे. त्याच्या चित्रदालनातली युरोपीय चित्रं महाराजांनी विकत घेतली होती, पण पहिल्या महायुद्धामुळे ती तिकडेच अडकली आणि दालन १९२१ मध्ये उघडलं. त्याच बागेत संकल्पभूमी आहे, जिथे घर न मिळालेल्या बाबासाहेबांनी झाडाखाली बसून दिवस काढला. मुलांना घेऊन जाणार असाल तर आधी संकल्पभूमीला जा. म्युझियमपासून सुरुवात केली तर ममी आणि देवमाशाच्या सांगाड्यापाशीच दुपार होते, आणि ते झाड राहून जातं.